ईसीजी नॉर्मल आला, 'टेन्शन आहे' म्हणून घरी पाठवलं. मग पुढे काय?

छत्रीबाग
नमस्कार मंडळी. यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या आरोग्याच्या टेबलावर ठेवायला एकपानी पत्रक करायचं ठरलं आहे. मधुमेह आणि रक्तदाबाची पत्रकं ढिगाने मिळतात, ती पुन्हा छापण्यात अर्थ नाही. मला पत्रक हवं आहे ते अशा त्रासावर: एकाएकी छातीत धडधड, श्वास पुरत नाही, ओठांना आणि बोटांना मुंग्या, 'आता मी जातो' अशी खात्री. रात्री दोनला दवाखाना, ईसीजी, 'काही नाही, टेन्शन आहे', एक झोपेची गोळी आणि घरी. पंधरा दिवसांनी परत तेच.

माझं मत असं की 'काही नाही' हे निदान नव्हे. ज्याला चार वेळा दवाखाना गाठावा लागतो त्याला काहीतरी आहेच, आणि त्याला नाव आहे, उपचारही आहे. तर जाणकारांनी सांगा: हृदय आणि पॅनिक (एकाएकी चढणारा घबराटीचा झटका) यांत फरक कसा करायचा, कुठल्या तपासण्या खरंच लागतात, आणि गोळ्या सुरू झाल्या तर किती दिवस घ्यायच्या नि थांबवायच्या कशा? इंदुरातल्या आपल्या घरांतून हे बोललं जात नाही, म्हणून पत्रक मराठीतच हवं.

नाडी
छत्रीबाग दादा, विषय फार चांगला घेतलात. पण पत्रकाची पहिली ओळ पॅनिकची नको, हृदयाची हवी.

छातीवर पाटा ठेवल्यासारखा दाब, जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जाणारी कळ, थंडगार घाम, आणि हे पंधरा-वीस मिनिटं हटत नसेल तर १०८ लावायचा. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबलं की दुखतं, कूस बदलली की टोचतं, अशी कळ बहुधा स्नायूंची किंवा बरगड्यांची. पण 'बहुधा'च्या भरवशावर रात्र काढू नये. मधुमेही, बायका आणि सत्तरीपुढची माणसं यांच्यात कधीकधी छाती दुखतच नाही. नुसता दम, ओकारी किंवा अंग गळून जाणं. या तिघांना घरच्या घरी 'गॅस झालाय' म्हणून इनो देऊन झोपवण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

आणखी एक. एक ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय निर्दोष असा अर्थ होत नाही. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी साफ असू शकतो. म्हणून संशय असला तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतराने दोनदा बघतात. दुखायला लागून तासही झाला नाही आणि एकच ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं, एवढ्यावर घरी निघू नका. 'दुसरं कधी काढणार?' हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

मनोविचार
नाडी सरांशी सहमत. हृदय बाजूला पडल्यावरच पुढचं वाचावं.

पॅनिकचा झटका चढतो तो मिनिटांत. साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर, मग उतार, आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस थकून बसलेला. निदानाच्या पुस्तकात तेरा लक्षणांची यादी आहे, त्यांतली किमान चार एकदम हवीत: धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणं, घशात गोळा, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, अंगावर शहारा किंवा गरम वाफ, मुंग्या, आजूबाजूचं जग खोटं वाटणं, ताबा सुटेल किंवा मरेन ही भीती. एखादा झटका कुणालाही येऊ शकतो, तो आजार नव्हे. झटके विनाकारण पुन्हा पुन्हा येतात, आणि 'परत आला तर?' ही धास्ती महिनाभर किंवा जास्त टिकते, किंवा माणूस त्यापायी वागणं बदलतो (एकटं बाहेर जात नाही, जिना चढत नाही, प्रवास टाळतो), तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. १९८० पासून हे स्वतंत्र निदान आहे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८७१ मध्ये, दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये हृदय धड असूनही धडधड, दम आणि छातीत दुखणं अशी लक्षणं लिहून ठेवली होती. त्यामुळे 'हल्लीचं खूळ' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता मुंग्यांचं. लोकांना वाटतं श्वास कमी पडतोय. खरं तर तो जास्त झालेला असतो. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चाळवतात. आधी ओठांभोवती मुंग्या, मग बोटांच्या टोकांना, आणि फारच झालं तर पाची बोटं जवळ येऊन हात चोचीसारखा वळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात म्हणून गरगरतं. ऑक्सिमीटर लावला तर ९८-९९ दिसतं आणि माणूस सांगत असतो की हवाच मिळत नाहीये. दोन्ही खरं असतं. हे चित्र घरच्यांना आधी माहीत असलं तर हात वळलेला बघून 'लकवा मारला' म्हणून धावाधाव होत नाही.

तोडावाला
मग कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगतात ते बरोबर ना? पत्रकात टाकता येईल, घरात पिशवी असतेच.

नाडी
नको, अजिबात नको. पिशवीने कार्बन डायऑक्साइड वाढतो हे खरं, पण सोबत ऑक्सिजनही उतरतो. तो माणूस प्रत्यक्षात हृदयविकाराचा, दम्याचा किंवा फुप्फुसात गुठळी अडकलेला असेल तर त्या पिशवीने घात होईल. घरी बसून हा फरक करता येत नाही, म्हणून हा उपाय मोडीत निघाला.

रक्तनमुना
तपासण्यांबद्दल. धडधड-घाबरटपणा आणि 'मन लागत नाही, अंगात त्राण नाही' या दोन्ही तक्रारींमागे शरीराचं कारण लपलेलं असू शकतं, आणि ते चार-पाच साध्या तपासण्यांत सापडतं.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी): हिमोग्लोबिन बाईत १२ आणि पुरुषात १३ च्या खाली म्हणजे पंडुरोग, हृदय भरपाई म्हणून जोरात धावतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी): खूप कमी आलं तर थायरॉइड जास्त चालतंय, म्हणजे वजन घटणं, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं, आणि हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. टीएसएच जास्त आलं तर उलटं: सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी, जड आवाज, उदासी. साखर: मधुमेहाच्या गोळीवर असलेल्या माणसाला जेवण चुकल्यावर घाम आणि धडधड झाली तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मगच पुढचा विचार. शिवाय सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि बी-१२.

नमुना देताना होणाऱ्या दोन चुका सांगते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टीएसएच खोटं येऊ शकतं. किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा. आणि बी-१२ इंजेक्शन घेतल्यावर मोजू नका, मग आकडा फुगलेला येतो आणि मूळ कमतरता कधीच कागदावर येत नाही. आपल्याकडे निव्वळ शाकाहारी घरं भरपूर, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर बी-१२ हमखास तपासावं. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, हे कायम लक्षात ठेवा.

जुनी_इंदूर
एवढं निवडत बसण्यापेक्षा वर्षातून एकदा ऐंशी तपासण्यांचं पॅकेज करून टाकावं, सगळं एकदम कळतं. घरी येऊन रक्त नेतात, सवलत असते. पत्रकात हेच लिहा.

नाडी
जुनी_इंदूर काका, इथे मी ठाम असहमत आहे. ऐंशी आकड्यांत तीन-चार रेषेच्या इकडे-तिकडे निघणारच, कारण 'नॉर्मल'ची पट्टीच अशी आखलेली असते की निरोगी शंभरांतले पाचेक त्या बाहेर पडतात. ज्याला आधीच शरीराची धास्ती आहे त्याच्या हातात ते लाल आकडे म्हणजे पुढच्या दोन महिन्यांची चिंता. तक्रार ऐकून, नाडी-रक्तदाब बघून, मग नेमकी तपासणी करायची.

उलट जी तपासणी खरंच लागते ती राहून जाते. धडधड दिव्याचं बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच खटकन थांबते, ठोके मिनिटाला १५०-२०० आणि अगदी एका लयीत, तर तो एसव्हीटी असू शकतो. हृदयाच्या विद्युतमार्गातला दोष. झटका नसताना ईसीजी साफ येतो, आणि अशा माणसांना पॅनिक म्हणून वर्षं काढावी लागतात. पॅनिकमध्ये ठोके चढत जातात, उतरत येतात, आणि तरुण माणसातही १५०च्या वर सहसा जात नाहीत. संशय असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र), किंवा झटका चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात एक ईसीजी. त्या एका पट्टीने सगळा उलगडा होतो. एसव्हीटीवर कॅथेटरने त्या मार्गाला डाग देण्याचा उपचार आहे आणि बहुतेकांचा प्रश्न कायमचा मिटतो.

औषधवही
काउंटरवर दिसणारी कारणं: दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिन, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त, आणि दिवसाला सात-आठ कप चहा. ही सगळी धडधड वाढवतात. प्रत्येक नव्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पानंच पिशवीत घालून न्या, 'पांढरी छोटी गोळी' सांगून काही कळत नाही.

थायरॉइडच्या गोळीचं निम्मं अपयश घेण्याच्या पद्धतीत असतं. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. डोस बदलल्यावर टीएसएच सहा-आठ आठवड्यांनीच मोजायचं, पंधरा दिवसांत मोजून काही हाती लागत नाही.

मांडवी_बडोदा
आमच्या बडोद्यातही हेच चित्र. पण एक विचारतो, भीड नको: भांग. शिवरात्रीला, होळीला ठंडाई घेतलेली तरुण पोरं 'हार्ट बंद पडतंय' म्हणत येतात. याचा उल्लेख करायचा की नाही?

मनोविचार
जरूर करायचा. पोटातून गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेतात आणि दोन्ही एकदम चढतात. नाडी १२०-१३०, तोंड कोरडं, वेळ थांबल्यासारखी वाटते आणि मग भीती. उजेड कमी, शांत जागा, ओळखीचं माणूस शेजारी, घोट घोट पाणी. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. छातीत दुखणं, बेशुद्धी, सतत ओकारी किंवा भ्रम असेल तर दवाखाना, आणि तिथे भांग घेतली हे स्पष्ट सांगायचं. डॉक्टर पोलीस नसतात.

दारूचं याच्या उलट. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड, घबराट. लोक म्हणतात टेन्शन आलंय. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम. हे जीवावर बेतू शकतं. नवरात्रात 'नऊ दिवस सोडली' म्हणणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगूनच सोडावी.

खाननदी
सगळं छान चाललंय, पण थोडं विषयांतर करतो. मनोविचार यांच्या यादीत 'गरगरणं' आहे. आपल्या ज्येष्ठ मंडळींना चक्कर आली की घबराट होते आणि घबराट झाली की चक्कर येते. आधी कोण?

कान_नाक_घसा
विषयांतर नाही, हे यायलाच हवं होतं. अंथरुणात कूस बदलताना, वर माळ्यावर बघताना, वाकून उठताना खोली गर्रकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही कानातल्या खड्यांची चक्कर. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. यावर गोळी नव्हे, हालचाल लागते. नाव एप्ली.

उजव्या कानासाठी अशी करतात: पलंगावर पाय पसरून बसवायचं, मान उजवीकडे ४५ अंश. मग पटकन आडवं करायचं, मान पलंगाच्या कडेवरून किंचित खाली लोंबती. चक्कर येईल, डोळे थरथरतील, तेच अपेक्षित आहे. थांबेपर्यंत, साधारण ३० सेकंद ते मिनिट. मग मान ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढंच थांबा. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबा. मग हळूच उठवून बसवायचं. बिघडतं कुठे? घाई केली जाते, पायऱ्यांमध्ये थांबत नाहीत, किंवा चुकीच्या कानासाठी करतात. म्हणून पहिल्यांदा डॉक्टरकडून कान ओळखून घ्या. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर घरी करूच नका. एक-दोन वेळांत बहुतेकांना आराम पडतो.

आणि हे कृपया ठळक छापा: चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नका. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही औषधं म्हाताऱ्या माणसांत दीर्घकाळ चालली की कंपवातासारखी लक्षणं आणतात. पाय घासत चालणं, चेहरा गोठल्यासारखा, हात थरथरता. मग त्या थरथरीवर वेगळी गोळी सुरू होते. त्याआधी जुनी गोळी तपासा.

बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं, यांच्यासोबत चक्कर आली तर तो कान नाही, मेंदू. सरळ मोठं रुग्णालय.

खाननदी
धन्यवाद सर. सिनारिझिनचं माहीत नव्हतं, घरोघरी असते ती.

औषधवही
आता मूळ प्रश्नाकडे, गोळ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

दोन जाती वेगळ्या ओळखा. पहिली: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे. या उपचाराच्या गोळ्या. सवय लागणाऱ्या नाहीत, पण लगेच काम करत नाहीत. गुण जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा-आठ किंवा जास्त. आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, कधी तर घबराट आणखी वाढते. इथेच लोक सोडून देतात. म्हणून पॅनिकमध्ये निम्म्या डोसने सुरुवात करतात: एस्सिटालोप्राम ५ मि.ग्रॅ., आठवड्याने १०. सर्ट्रालिन २५, मग ५०. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी.

दुसरी: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोपेसाठी झोल्पिडेम. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणून आवडतात. दोन-चार आठवडे रोज घेतल्या की शरीर मागायला लागतं. ज्येष्ठांत तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुबा मोडतो, विसरभोळेपणा वाढतो. बरीच वर्षं घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. यांतल्या अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम एच-वन (विक्रीवर कडक नोंदीची अट असलेल्या औषधांच्या) यादीत आहेत, २०१४ पासून. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय मागू नका आणि शेजारच्या काकूंची उसनी घेऊ नका.

आणि आता खरी गफलत. बाजारात दोन्ही एकाच गोळीत मिळतात, एस्सिटालोप्राम अधिक क्लोनाझेपाम. पानावर बारीक अक्षरात दोन नावं असतात. महिन्याभराने क्लोनाझेपाम कमी करून थांबवायची असते आणि पहिली चालू ठेवायची असते, पण एका गोळीत असल्यामुळे ते जमतच नाही. एकतर दोन्ही वर्षभर चालतात, नाहीतर 'बरं वाटतंय' म्हणून दोन्ही एकदम बंद. डॉक्टरांना विचारा: 'या दोन गोळ्या वेगवेगळ्या लिहून द्याल का?' हा एक प्रश्न पत्रकात टाकाच.

नाडी
औषधवही ताईंचा प्रतिसाद जसाच्या तसा छापावा असा आहे. फक्त ज्येष्ठांसाठी भर: साठीपुढे या पहिल्या जातीच्या गोळीने सोडियम उतरू शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड) चालू असेल तर. दोन आठवड्यांत आजी सुस्त, बरळते, चालताना झोकांड्या. घरचे म्हणतात 'मनाच्या गोळीने वेडं केलं'. रक्तातलं सोडियम बघा. सुरू केल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत एकदा तपासलं की हे टळतं. शिवाय दुखण्याच्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन सोबत असेल तर पोटातल्या रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि ट्रामाडॉल (तीव्र वेदनेची गोळी) सोबत नको. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का यावर घरच्यांनी डोळा ठेवायचा.

आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहिली असेल तर दमा आहे हे न विसरता सांगा. दम्यात ती चालत नाही.

तोडावाला
घ्यायच्या किती दिवस? आणि अश्वगंधा चालेल का त्याऐवजी?

मनोविचार
बरं वाटू लागल्यापासून मोजायचं. उदासीच्या आजारात त्यानंतर किमान सहा ते नऊ महिने, पॅनिकमध्ये साधारण वर्ष. मग काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी. एकदम थांबवली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका गेल्यासारखं वाटतं. याच जातीच्या पॅरोक्सेटीनमध्ये हे सगळ्यात जास्त. ही लक्षणं दोन-तीन दिवसांत येतात; आजार परतायला आठवडे लागतात. एवढा फरक कळला की 'बघा, गोळीशिवाय जमतच नाही' हा गैरसमज गळून पडतो.

अश्वगंधेबद्दल: ती थायरॉइडची पातळी वाढवू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आधीच धडधड असलेल्या, टीएसएच न तपासलेल्या माणसाने मनाने सुरू करू नये.

पण मंडळी, गोळ्यांइतकाच ताकदीचा दुसरा उपचार आहे आणि इथे अजून कुणी त्याचं नाव घेतलं नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार. साधारण बारा बैठका. त्यात गप्पा मारून मन हलकं करणं एवढंच नसतं. पॅनिकचा माणूस धडधडीलाच घाबरलेला असतो, म्हणून त्याला मुद्दाम धडधड करायला शिकवतात. जागेवर मिनिटभर पळायचं. खुर्चीत मिनिटभर गोल फिरायचं. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. प्रत्येक वेळी भीती ० ते १० मध्ये मोजायची, काहीही न करता ती उतरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा करायचं. चौथ्या-पाचव्या वेळी ८ चे ३ होतात. हृदयविकार, दमा, गरोदरपण, फिट असेल तर आधी डॉक्टरची परवानगी.

मग बाहेरची शिडी. इंदूरच्या माणसासाठी अशी: पहिली पायरी घराच्या कोपऱ्यापर्यंत एकट्याने. मग सिटी बसमधून दोन थांबे. मग राजवाड्याची दुपार. मग रात्री साडेदहाचा सराफा (रात्रीचा खाऊबाजार), चालायला जागा नसते तेव्हा. वरची पायरी अनंत चतुर्दशीची झांकी (चित्ररथांची मिरवणूक) किंवा रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक). एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा, भीती निम्मी होईपर्यंत तिथून निघायचं नाही. मध्येच पळून आलं तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

जुनी_इंदूर
गेर ज्यांना जमते त्यांना काहीच अवघड नाही! पण ताई, दीर्घ श्वास, प्राणायाम हे सगळ्यात सोपं. ते पहिलं का नाही?

मनोविचार
काका, ते आहेच, फक्त नीट सांगायला हवं. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की लोक छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, मुंग्या वाढतात. श्वास मोठा नको, हळू हवा: नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पोटावर हात. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, बरं असताना सराव. भस्त्रिका, कपालभाती झटक्याच्या वेळी नाही.

आमच्या क्षेत्रात यावर मतभेद आहेत हेही प्रामाणिकपणे सांगते. काही जण म्हणतात की श्वासाचा उपाय हीच नवी काठी होते: 'श्वास मोजला म्हणून वाचलो'. खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली, दवाखान्याजवळूनच जाणारा रस्ता, या सगळ्या अशाच काठ्या. सुरुवातीला श्वासाची मदत घ्या, शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर ती सोडा, असं माझं मत.

मांडवी_बडोदा
हे पटलं. अजून एक: जायचं कुठे? मनोविकार म्हटलं की लोकांना पागलखाना आठवतो.

नाडी
इंदुरात बाणगंगेचं (तिथे मनोरुग्णालय आहे) नाव घेतलं की बोलणं संपतं, हे खरं. पण पॅनिक, उदासी, झोपेचा त्रास यांचे बहुतेक सगळे उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात, भरती लागत नाही. एमवाय रुग्णालयाच्या आवारात मानसोपचाराची ओपीडी आहे, एमजीएम मेडिकल कॉलेजचा विभाग. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली, चोवीस तास, विनामूल्य, भाषा निवडता येते. जगायची इच्छा नाही असं कुणी बोललं तर वाट न बघता याच नंबरवर फोन, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. विचारल्याने विचार वाढत नाहीत, सरळ शब्दांत विचारा.

आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी इतर आजारांसारखाच विमा देणं बंधनकारक आहे. पॉलिसीत बघून घ्या.

छत्रीबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चा मसुदा टाकतो, चुका काढा.

'छातीत दाब, घाम, १५ मिनिटं थांबत नाही: १०८. ॲस्पिरिन ३०० मि.ग्रॅ. चावून आणि सॉर्बिट्रेट जिभेखाली. एक ईसीजी पुरत नाही, दुसरा कधी ते विचारा. हृदय ठीक निघालं तर: सीबीसी, टीएसएच, साखर, सोडियम, बी-१२. धडधड बटणासारखी चालू-बंद होत असेल तर होल्टर. सगळं ठीक आणि झटके परत: याला पॅनिक म्हणतात, उपचार आहे. गोळीला दोन-चार आठवडे द्या. दोन औषधं एका गोळीत आहेत का बघा. स्वतः बंद करू नका. सीबीटीबद्दल विचारा. कागदी पिशवी नको. टेलिमानस १४४१६.'

नाडी
चांगलं उतरलंय. एक दुरुस्ती तातडीची. सॉर्बिट्रेट काढा. ते रक्तदाब झपकन पाडतं. दाब आधीच कमी असेल, किंवा त्या माणसाने आदल्या दिवशी सिल्डेनाफिल (व्हायग्राची गोळी) घेतली असेल (आणि घरच्यांना ते माहीत नसतं), तर तो तिथेच कोसळतो. ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यांनीच घ्यावं. ॲस्पिरिनपुढेही लिहा: ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्राव झालेला असेल तर नको.

औषधवही
आणि खाली एक रिकामा रकाना: 'मी रोज घेत असलेल्या गोळ्या'. रात्री दोनला घाबरलेल्या घरात कुणालाही नावं आठवत नाहीत.

छत्रीबाग
सॉर्बिट्रेट काढलं, ॲस्पिरिनची अट घातली. रकाना सहा ओळींचा ठेवला आहे, पेनने लिहिता येईल एवढ्या जाड अंतराचा. चक्करेच्या गोळ्यांची सूचना मागच्या बाजूला, मोठ्या टायपात.